रिकामी लाल पेटी

उत्सुमी तामोत्सुने आयुष्यभर पोलादाचे दांडे घासले. दुसरं महायुद्ध संपल्याच्या पुढच्या वर्षी, एकविसाव्या वर्षी, तो जपानमधल्या मिकावातल्या एका कारखान्यात लागला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडला. मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये एक दांडा असतो. तो केसाच्या विसाव्या भागाइतकाही जाड-बारीक झालेला चालत नाही. असे दांडे त्याच्या हातून किती गेले, ते त्याने कधी मोजलं नाही. त्या दिवसाचे सहाशे तेवढे मोजायचा.

शेवटची बारा वर्षं तो तीन नंबरच्या ग्राइंडरवर होता. ओळीत आठ ग्राइंडर. तीन नंबर सगळ्यांत जुना, आणि सगळ्यांत लांब व कडक दांडा यायचा तो त्याच्यावरच. अवघड काम जुन्या माणसाकडे, एवढाच त्यामागचा हिशेब होता आणि उत्सुमीला तो मान्य होता.

ग्राइंडरचं चाक काही दांड्यांनंतर गुळगुळीत होतं. मग ते कापायचं सोडून नुसतं घासत बसतं आणि दांडा तापतो. तापला की त्यावर फिकट तपकिरी डाग पडतो. अशा डागाखाली चीर असू शकते, आणि तसा दांडा चालत्या मोटारीत तुटू शकतो. म्हणून ठरावीक दांडे झाले की यंत्र थांबवायचं आणि चाकावर हिऱ्याचं टोक फिरवून त्याला पुन्हा धार काढायची. कारखान्यात याला हिरा मारणं म्हणत. दीड मिनिटाचं काम. पूर्वी दर वीस दांड्यांनी हिरा मारत.

चाक चकाकायला लागलं की त्याचा आवाज बारीक होतो. उत्सुमीला तो आवाज दोन दांडे आधी कळायचा. हे त्याने ज्या मोजक्या लोकांना शिकवलं, त्यांत हासुनुमा एक. हासुनुमा शाळा संपवून त्याच्या हाताखाली आला, दोन वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून चाक ऐकत होता. पुढे तो हुशारीने वर गेला. अडतिसाव्या वर्षी गटप्रमुख झाला, टोपीवर पिवळी पट्टी आली. चारचौघांत उत्सुमी त्याला 'गटप्रमुख' म्हणायचा. एरवी 'तू'.

ऐंशी साली हासुनुमाने सुधारणा सुचवली. हिरा विसाव्या दांड्याऐवजी तिसाव्याला मारायचा. यंत्रामागे पाळीला पंधरा मिनिटं वाचत होती, आठ यंत्रांचे दोन तास.

"तीन नंबरला तीस झेपणार नाहीत," उत्सुमी म्हणाला.

"चाचणीत पस्तीसपर्यंत काही झालं नाही, उत्सुमीसान."

"चाचणी कुठल्या यंत्रावर घेतलीस?"

"पाचवर."

"पाचवर आखूड दांडा येतो. पोलाद मऊ."

"आठ यंत्रांना आठ नियम ठेवले, तर त्याला नियम कोण म्हणेल? महिनाभर बघू या ना."

कामाच्या पत्रकावर सगळ्यांनी सहीऐवजी आपापला शिक्का मारायचा, अशी पद्धत होती. शिक्का मारला की ते पत्रक तुमचं. त्याच्याबाहेर एक पाऊल टाकणं हा कारखान्यातला सगळ्यांत मोठा गुन्हा. मग त्या पावलाने माल सुधारला काय नि बिघडला काय, सारखंच. उत्सुमीने खिशातून शिक्का काढला आणि आपल्या चौकोनात सरळ, नीट दाबून मारला. पुढे कितीतरी वर्षं त्याला त्या दाबाची आठवण यायची. निदान वाकडा तरी मारायचा होता, असं वाटायचं.

महिन्याचं पुढे कुणी काही बघितलं नाही. हासुनुमाला सुवर्णपदक मिळालं. हसऱ्या चेहऱ्याचा त्याचा फोटो जेवणघराच्या दाराशी लागला.

सात यंत्रांवर तीस चालून गेले. तीन नंबरवर बावीस-तेवीसला आवाज बारीक व्हायचा आणि उत्सुमी दात आवळून तिसापर्यंत जायचा, कारण पत्रकात तसं होतं आणि पत्रकावर त्याचा शिक्का होता. ठळक डागाचे दांडे तो स्वतः बाजूच्या लाल पेटीत टाकायचा. रोज चार-पाच. फिकट डाग पाण्याने ओल्या दांड्यावर कुणालाच दिसत नाही. सुकून गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर दिसतो. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकाने एका महिन्यात अकरा दांडे परत पाठवले. अकराही तीन नंबरचे.

काम संपल्यावर जेवणघरात गट बसला. गटाचं नाव मुंगी. सहा माणसं, बार्लीचा थंड चहा, टेबलावर मोठा कागद. रीत सगळ्यांना पाठ होती. दोषाला पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं. आणि कागदावर कुणाही माणसाचं नाव लिहायचं नाही. दोष पद्धतीचा असतो, माणसाचा नसतो.

खडूचे डाग पडलेल्या विजारीतला देगुची लिहायला बसला. तोंड त्याचं कायम चालू. "माझी बायको मला पाच वेळा 'का' विचारते ना, तर पाचवं उत्तर दर वेळी माझी आईच निघते."

"लिही तू," हासुनुमा म्हणाला. "दांडा का परत आला?"

"डाग पडला म्हणून."

"डाग का पडला?"

"चाक बोथट म्हणून."

"बोथट का?"

"हिरा उशिरा मारला म्हणून."

"उशिरा का?"

"पत्रकात तीस लिहिलंय म्हणून," असं म्हणत देगुचीने लिहिलंही, आणि पाचवा बाण काढायला रेघ ओढली. रेघ अर्ध्यात थांबली. पत्रकात तीस का लिहिलंय, याचं उत्तर दारापाशी फोटोत हसत होतं. सहाही जणांना ते मागे न वळताही दिसत होतं. देगुचीने पेनचं टोपण लावलं. कुणीतरी चहा ओतला, कुणालाच नको असताना.

उत्सुमी वाट बघत होता. आता हासुनुमा बोलेल, असं त्याला वाटलं. त्याचाच माणूस होता तो.

हासुनुमा घसा खाकरून म्हणाला, "पहिला प्रश्नच जरा चुकलाय आपला. डाग काय, सगळ्याच कारखान्यांत पडतात. गिऱ्हाईक आपल्याला विचारतंय की डागाचा दांडा तुमच्याकडून बाहेर गेलाच कसा? तिथून सुरू करू. देगुची, नवा कागद घे."

नवा कागद आला. दांडा बाहेर का गेला? डाग दिसला नाही म्हणून. का दिसला नाही? उजेड कमी म्हणून. उजेड तर सगळीकडे तेवढाच, मग बाकी सातांना दिसतो नि इथेच का नाही? मग कोपऱ्यातून कुणीतरी हळू म्हणालं, "वय."

देगुचीने उत्सुमीकडे न बघता लिहिलं, 'ज्येष्ठ कामगाराची दृष्टी.' नाव कुठेही लिहिलं नव्हतं. यंत्रांच्या त्या ओळीत पन्नाशीच्या पुढचा माणूस मात्र एकच होता.

सायकली ठेवायच्या जागी हासुनुमा मागून आला.

"रागावलात, उत्सुमीसान?"

"माझे डोळे चांगले आहेत."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे, तर मग लिहिलंस काय?"

"तीसचा नियम आता दुसऱ्या दोन कारखान्यांत लावतायत. सुवर्णपदक आपल्या अख्ख्या विभागाचं आहे. मी एकट्याने ते कसं परत देऊ?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमची दोनच वर्षं राहिलीत. तुमचं कुणी काही बिघडवणार नाही."

"तू अजून चाक ऐकतोस का रे?"

हासुनुमा हसला. "ऑफिसात बसून काय ऐकू येणार?"

आठ दिवसांनी तीन नंबरवर भिंगाचा दिवा बसला. गोल, पांढरा, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा. येणारे-जाणारे थांबून बघायचे. देगुची म्हणाला, "आता तुम्हाला मुंगीच्या मिशाही दिसतील, आजोबा." त्या आधी त्याला कुणी आजोबा म्हणत नव्हतं.

त्या दिवसापासून उत्सुमी विसाव्याला हिरा मारायला लागला.

त्याने ठरवून काही केलं नव्हतं. आवाज बारीक झाला आणि हात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. डागाचा दांडा आपल्या हातून निघतोय हे वर्षभर सोसलं होतं. त्यात आता डोळ्यांवर ठपका आल्यावर ते सोसवेना. पण दहा वेळा जास्त हिरा म्हणजे पंधरा मिनिटं, आणि सहाशे दांडे तर झालेच पाहिजेत. मग त्याने दहाची आणि तीनची चहाची सुट्टी सोडली. सगळे चहाला गेले की तो राहिलेले दांडे भरून काढायचा. पाणी प्यायचा तेही दांडा घासला जात असताना, एका हाताने. सत्तावन्नाव्या वर्षी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मध्ये टेकायचं नाही, म्हणजे काय असतं ते उभं राहून काम केलेल्यालाच कळेल. घरी आल्यावर जिन्याची पहिली पायरी चढायला त्याला कठड्याचा आधार लागायचा.

लोकांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. "बिचाऱ्याच्या मनाला लागलंय," ते म्हणत. "दिव्याखाली सराव करतोय."

सप्टेंबरात स्कूटरचा परवाना बदलायची वेळ आली. तिथे डोळे तपासतात. उत्सुमीने सगळ्यांत खालची ओळ चष्म्याशिवाय, न अडखळता वाचली. त्याची बायको किनुए हिने तो कागद वाचला आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्यासमोर ठेवला.

"अहो, हा नेऊन दाखवा त्यांना."

"कागदाने काय होतंय?"

"मग तोंडाने बोला. की तेही मीच येऊन बोलू?"

"बोलायची गरज नाही," उत्सुमी म्हणाला. "परत येणारे दांडे थांबलेत. लाल पेटी रिकामी आहे. दिव्याने डाग दिसायला लागले असते तर पेटी भरली असती ना? ती रिकामी आहे, म्हणजे डाग पडायचेच थांबलेत. कामातलं ज्याला कळतं त्याला पेटी बघून कळेल. हासुनुमाला तर कळेलच."

"आणि नाही कळलं तर?"

उत्सुमीने लोणच्याचा मुळा उचलला आणि खात राहिला.

नोव्हेंबर हा गुणवत्तेचा महिना. फाटकावर झेंडा लागतो आणि मोठ्या सभागृहात गट आपापलं काम मांडतात. मुंगी गटाने सारखी जाकिटं घातली होती. भिंतीवर आलेख पडला. परत आलेले दांडे जुलैत अकरा, ऑगस्टात दोन, सप्टेंबरात शून्य, ऑक्टोबरात शून्य. खाली जाणारी ती रेघ बघून सभागृहात टाळ्या झाल्या. हासुनुमा काठीने दिव्याचं चित्र दाखवत होता. आवाज स्वच्छ, हात स्थिर. चांगलं बोलायचा तो.

परीक्षकांत बाहेरून बोलावलेले एक म्हातारे गृहस्थ होते, पोलादाच्या कारखान्यात हयात घालवलेले. त्यांनी टाळ्यांत हात मिसळले नव्हते. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "एक विचारू? दिव्याने डाग दिसायला लागले. म्हणजे डागाचे दांडे तुमच्या लाल पेटीत पडायला हवेत. पेटीचा आकडा काय?"

हासुनुमाने कागद चाळले. "पेटीत... शून्य आहे."

"दिवा डाग दाखवतो की डाग पडूच देत नाही?"

सभागृहात कुणीतरी हसलं. हासुनुमाच्या हातातली काठी खाली आली.

"यंत्रावर कोण असतं?" म्हाताऱ्याने विचारलं. "त्यांनाच विचारू या."

उत्सुमी उठून उभा राहिला. तीन महिने ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न समोर होता, आणि विचारणारा माणूस उत्तर जाणून विचारत होता. एक वाक्य पुरे होतं. मी विसाव्याला हिरा मारतो. त्या वाक्यात त्याचे डोळे सुटत होते, यंत्र सुटत होतं. पण त्याच वाक्यात पत्रकाबाहेर पाऊलही होतं, तीन महिने रोज दहा वेळा, स्वतःच्या शिक्क्याच्या विरुद्ध. आणि व्यासपीठावर, सगळ्या कारखान्यासमोर, त्याने हाताला धरून चाक ऐकायला शिकवलेला माणूस उभा होता. हासुनुमा त्याच्याकडे बघत होता. नजरेत विनंतीसुद्धा नव्हती, नुसती भीती. हिरा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो असाच बघत होता.

"दिवा आल्यापासून," उत्सुमी म्हणाला, "हात जपून चालतो."

म्हाताऱ्याने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "बरं. बसा."

मुंगी गटाला सुवर्णपदक मिळालं. दिवा आठही यंत्रांवर लावायचं ठरलं.

संध्याकाळी हासुनुमाने त्याच्यापुढे कंबरेत वाकून नमस्कार केला. खूप खाली वाकला. उत्सुमी घरी गेला, अंघोळीच्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसला आणि तेव्हा त्याला सगळं नीट दिसलं. खोटं हासुनुमाने लिहिलं होतं. ते खरं करून दाखवलं मात्र त्याने. हात आवरला असता, पत्रकाप्रमाणे तिसापर्यंत गेला असता, तर दिवा लावूनही दांडे परत आले असते, आणि त्यांना पहिला कागद पुन्हा काढावा लागला असता. चांगलं काम चोरून केलं आणि त्याने वाईट नियम तगला. इतकी मेहनत करून त्याने एवढंच साधलं होतं.

तरीही दुसऱ्या दिवशी हात विसाव्यालाच गेला. आणि पुढची सव्वा वर्षं जात राहिला.

निरोपाच्या दिवशी गटाने त्याला भिंग दिलं, मुठीवर त्याचं नाव कोरलेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या कारखान्याने त्याचं नाव कशावर तरी लिहिलं होतं. किनुए ते सुईत दोरा ओवायला वापरते. त्याने हात लावला नाही.

तीन नंबरवर मिगिता आला. एकतीस वर्षांचा, अबोल, कामाला चांगला. उत्सुमीने त्याला यंत्र सोपवताना सगळं शिकवलं, हिऱ्याचं सोडून. तेव्हा हासुनुमा शेजारी उभा होता.

ऑक्टोबरात एका रविवारी मिगिता पर्सिमनच्या फळांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. नाकावर काळ्या काड्यांचा नवा चष्मा.

"हे काय?" उत्सुमीने विचारलं.

"डॉक्टरकडे पाठवलं होतं. डोळे ठीक आहेत म्हणाले. तरी गटप्रमुख म्हणाले, घालून बघ, हलक्या नंबरचा. गेल्या महिन्यात नऊ दांडे परत आले."

"आणि लाल पेटी?"

"पेटी रोजची भरते." मिगिताने चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. "उत्सुमीसान, तुमच्या वेळी दीड वर्ष शून्य होतं. तोच दिवा, तेच पत्रक. तुम्ही काय करत होतात?"

उत्सुमीने सगळं सांगितलं. आवाज, वीस, चहाच्या सुट्ट्या, बाजूला सारलेला पहिला कागद. कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मिगिता ऐकून म्हणाला, "म्हणजे विसाव्याला मारायचा, बस्स. उद्यापासून मारतो."

"नाही. तू तिसालाच मार."

"काय?"

"पत्रकाप्रमाणे कर. पेटी भरू दे. आवाज बदलला की यंत्र थांबव आणि गटप्रमुखाला बोलाव. रोज बोलाव. दहा वेळा बोलाव. चाक ऐकव त्याला. तो ऐकणारा माणूस आहे, मी शिकवलंय त्याला. चोरून मारशील तर या चष्म्याला पदक मिळेल."

मिगिताने त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. मालात काही दोष आहे का, ते बघावं तसं.

"तुम्ही बोलावलंत?" तो म्हणाला. "सभागृहात तुम्हाला उभं करून विचारलं होतं. मी मागच्या रांगेत होतो, उत्सुमीसान. तुमचं तर तेव्हा सव्वाच वर्ष राहिलं होतं. माझी सत्तावीस आहेत."

किनुए चहा घेऊन आली, ती दारातच थांबली. मिगिताने चष्मा पुन्हा नाकावर चढवला, वाकून नमस्कार केला आणि चहा न घेता गेला.

कारखान्याचं मासिक निवृत्त लोकांना घरी येतं. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरच्या अंकात चौथ्या पानावर मुंगी गटाचा फोटो होता. मध्ये हासुनुमा, शेजारी मिगिता, चष्मा लावलेला, गालफडं बसलेली. खाली मजकूर होता. दर सहा महिन्यांनी डोळ्यांची तपासणी, सर्व कामगारांना चष्म्याची सोय, परत येणारे दांडे अकरा महिने शून्य. सुवर्णपदक.

लाल पेटीचा आकडा दिला नव्हता. या वेळी कुणी विचारलाही नसावा.

"काय आहे त्यात एवढं?" किनुएने विचारलं.

"मिगिता चहाला जात नाही," उत्सुमी म्हणाला. त्याने मासिकाची घडी घातली आणि मुळे उपटायला परसात गेला.